कायदेबाईच्या घरची बंदूक

कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सचं दुकान आणि चष्मेवाला यांच्या मधे, बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं एक दुकान होतं. इतकं अरुंद, की एका वेळी दोन गिऱ्हाईकं आली तर एकाने दुसऱ्याच्या खांद्यावरून बोलायचं. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, टेबलाला घट्ट बसवलेला, वस्तू आवळून धरणारा शेगडा, भिंतीवर लहानमोठ्या कानशी ओळीने टांगलेल्या, आणि सगळीकडे तेलाचा नि घासलेल्या लाकडाचा वास. दुकान नानांचं होतं. पण गेली कित्येक वर्षं लोक ओळखत ते नानांच्या मुलीला. तिला सगळे कायदेबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर ‘ताई’.

हत्याराची दुरुस्ती नाना करायचे आणि परवान्याची बाजू ताई सांभाळायची. परवाना कधी संपतो, नूतनीकरणाचा अर्ज कधी द्यायचा, वारसाच्या नावावर बंदूक करायची तर काय काय लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. बंदूक हातात आली की ती दोरीला लटकवलेला चष्मा नाकावर चढवायची, नळीवरच्या नंबरावर खडू चोळून तो वाचायची, नळीची लांबी मोजायची आणि मगच बोलायची. हत्यारात परवानगीशिवाय केलेला एवढासा बदल दिसला, की ते काउंटरवरून मागे ढकलून म्हणायची, “हे असं चालणार नाही. आधी कचेरीत जाऊन सांगा.” मग समोरचा गयावया करो, ओळखी सांगो, चिडून दार आपटून जावो. गिऱ्हाईकं आपसांत म्हणत, गोळी एखाद वेळी चुकेल, बाईंची मोजपट्टी चुकायची नाही.

तिला यात मोठेपणा वाटत होता असं नाही. लग्न झालं नव्हतं, आई लवकर गेलेली, धाकटा भाऊ नोकरीच्या गावी. घर, नाना आणि दुकान एवढंच तिचं जग. त्यात नियम ही एक गोष्ट अशी होती, की ती आज एक आणि उद्या एक असं बोलत नसे. त्यामुळे ताईला नियमांचा आधार वाटे.

एकदा फळबागेचा एक म्हातारा राखणदार तिच्याकडे आला होता, त्याला सगळे बागवाला म्हणत. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची बंदूक होती. झाडांच्या गर्दीत फिरवायला सोपी जावी म्हणून कुणीतरी तिची नळी कापून आखूड केलेली. म्हाताऱ्याला फक्त घोडा घट्ट झाला होता तो सैल करून हवा होता. ताईने नळी मोजली आणि त्याला समोरच्या स्टुलावर बसवून सांगितलं, की ही बंदूक अशी बाळगणं हा गुन्हा आहे, तुम्ही आपणहून जाऊन जमा करा, आपणहून गेलात तर सौम्य वागवतील. म्हातारा नाकासमोर चालणारा. तो गेला. सौम्य कुणी वागवलं नाही. दोन हिवाळे तो कोर्टाच्या पायऱ्या चढत उतरत राहिला, बंदूक गेली ती गेलीच, आणि बागेच्या मालकाने, नसती भानगड नको म्हणून, त्याला कामावरून काढलं. त्यानंतर तो गल्लीतून जाताना दुकानाकडे बघत नसे. ताईला ते दिसायचं. ती मनाशी म्हणायची, मी बरोबर तेच सांगितलं. आणि ते खरंही होतं.

नानांचं विसरणं सुरू झालं ते कामापासून नाही, माणसांपासून. कानस हातात दिली की बोटं आपोआप चालायची. पण समोर उभं कोण आहे हे कळायचं नाही. रोजच्या चहावाल्याला ते ‘आपण कोण?’ असं अदबीने विचारायचे. मग शेजारचा चष्मेवाला विसरले, मग धाकटा मुलगा. सगळ्यांत शेवटी ताई. एका सकाळी तिने त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून दिली तेव्हा ते म्हणाले, “तुमचे फार उपकार आहेत बाई. घरी कोण कोण असतं तुमच्या?” ताई म्हणाली, “वडील असतात.” “काळजी घ्या त्यांची,” नाना म्हणाले.

तेव्हापासून दुकानात दुरुस्तीचं काम जवळजवळ थांबलं. ताई पुढे बसून लोकांचे अर्ज भरून द्यायची आणि नाना मागे शेगड्यात एखादा लाकडाचा तुकडा धरून घासत बसायचे. तो तुकडा झिजून संपला की ती दुसरा द्यायची.

अशात कचेरीतून नवा हुकूम निघाला. जुने सगळे परवाने पुन्हा तपासायचे. आजवर कागदावर शिक्का मारून काम भागायचं, आता तसं नाही. प्रत्येक परवानाधारकाने हत्यार घेऊन स्वतः यायचं, हत्याराची मापं घेतली जाणार, नंबर जुळवला जाणार. गल्लीत धावपळ उडाली. ताईचं दुकान सकाळपासून भरलेलं. ती एकेकाची बंदूक मोजून देत होती, काय लिहायचं ते सांगत होती, कुणाला धीर देत होती, कुणाला झापत होती. सगळ्यांचं उरकलं आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्या घरीही एक आहे.

ती होती नानांच्या नावावरची जुनी, छोट्या बोअरची, म्हणजे बारीक गोळीची, रायफल. घरात लोखंडी कपाटात, गोधडीत गुंडाळलेली. ताई चौदा वर्षांची असताना नानांनी ती कुणाकडून तरी विकत घेतली होती, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ते तिला गावाबाहेरच्या क्लबात नेमबाजीला घेऊन जायचे. सुरुवातीला ती रायफल तिला झेपत नसे. निशाण धरलं की डावा हात थरथरायचा, नळीचं तोंड खाली खाली जायचं, आणि क्लबातली मोठी मुलं हसायची. घरी येऊन ती रडली होती. मग काही दिवस नानांनी रायफल दुकानात ठेवून घेतली, आणि परत आणली तेव्हा ती अशी हलकी झाली होती, की ताईला तो चमत्कारच वाटला. खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड केलेला दिसतच होता. “आणि लाकूड आतून कोरलं,” नाना म्हणाले होते. तिने विश्वास ठेवला. नाना खोटं सांगतील हे डोक्यातही यायचं कारण नव्हतं.

ताईने गोधडी सोडली, रायफल काढली, रिकामी असल्याची खात्री केली, आणि इतक्या लोकांच्या बंदुकांना लावलेली मोजपट्टी हिलाही लावली. नळी कायद्याच्या लांबीपेक्षा चांगली चार बोटं कमी भरली.

आपलंच चुकलं असं वाटून तिने पुन्हा मोजलं. मग ती खिडकीशी गेली आणि नळीचं तोंड उजेडात धरून पाहिलं. कारखान्यातलं तोंड वेगळं दिसतं. हे हाताने केलेलं होतं. कड अशी गोल आणि नितळ घासलेली, की बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. नेम धरायची पुढची माशी काढून पुन्हा डाग देऊन बसवलेली. असं काम करणारा हात तिला माहीत होता. त्याच हाताला धरून तिने थोड्या वेळापूर्वी त्यांना अंघोळीला नेलं होतं.

ती तिथेच, खिडकीखाली, जमिनीवर बसली. नळी कापलेली आहे याचा धक्का होताच. पण त्याच्या मागोमाग जे आलं त्याने तिला उठू दिलं नाही.

ती सोळा वर्षांची असताना क्लबाच्या मास्तरांनी तिचं नाव मोठ्या स्पर्धेसाठी काढलं होतं. मुलींतून तिचं एकटीचं. आणि नाना नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मास्तर घरी आले, चहा पिऊन, समजावून थकून गेले. आई मधे पडली. नानांचं एकच, “स्पर्धाबिर्धा काही नको. हौस म्हणून खेळते तेवढं पुरे.” ताईने जेवण सोडलं, बोलणं सोडलं, पण ते बधले नाहीत. मग तिने क्लबात जाणंच सोडून दिलं, आणि रायफल गोधडीत गेली. वडिलांशी भांडण मिटलं, पण आतून मिटलं नाही. आपण मुलगी, म्हणून आपल्याला अडवलं, आपल्यावर त्यांचा भरवसा नव्हता, हे तिने धरून ठेवलं ते ठेवलंच. पुढे कधीही नानांनी कौतुक केलं, की तिच्या मनात यायचं, तेव्हा कुठे गेलं होतं हे कौतुक.

आणि आता कळत होतं. मोठ्या स्पर्धेत हत्यारं मोजतात. क्लबात कोण मोजतंय. पण तिथे पंच बसलेले असतात. रायफल त्यांच्या टेबलावर गेली असती आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा परवाना असलेल्या माणसाने स्वतःच्या मुलीसाठी नळी कापली हे सगळ्यांसमोर आलं असतं. दुसरी रायफल घेण्याची ऐपत नव्हती. कापलं ते बोलता येत नव्हतं. म्हणून नानांनी तोंड मिटून मुलीचा राग झेलला, आणि तो राग त्यांना जन्मभर पुरला.

ती उठून नानांकडे गेली. ते पलंगावर बसून खिडकीतून रस्ता बघत होते. तिने रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली. नानांचा चेहरा खुलला. त्यांनी नळीवरून हात फिरवला, तोंडाशी आल्यावर अंगठा थांबवला.

“ही का कापलीत नाना?” तिने विचारलं.

“पोरीचा हात भरून यायचा,” नाना म्हणाले. “एवढीशी आहे. वजन झेपत नाही, आणि कुणाला सांगत नाही. घरी येऊन रडते.”

“मग स्पर्धेला का नाही पाठवलंत?”

यावर नानांनी तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं. रायफल दोन्ही हातांनी ओढून जवळ घेतली. आणि मग रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ती येईल आता शाळेतून. तिच्यासमोर हा विषय नको.”

जे विचारायचं होतं ते विचारायची वेळ टळून गेली होती. ताईने त्यांच्या हातातून रायफल हळूच सोडवून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या करायला लागली. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही.

धाकट्याला तिने फोन केला तेव्हा तो पहिल्या गाडीने आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक घाव दोन तुकडे करावेत तसं सांगितलं, रायफल हरवली म्हणून कळवून टाक. धरणाचं पाणी आहे, खोल आहे, कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही. ताई नको म्हणाली. मग तो म्हणाला, दुकानात जुन्या नळ्यांचा ढीग पडलाय, त्यातली एखादी लांब बसव. ताईने त्याला समजावलं, की नळीवर नंबर असतो, आणि एक गुन्हा झाकायला दुसरा केला तर तो पहिल्याहून मोठा. धाकट्याचा आवाज चढला. हे नियमावर बोट ठेवणं तुझं आयुष्यभराचं आहे, तो म्हणाला, पण आजवर दुसऱ्यांच्या जिवावर होतं, आता नानांच्या जिवावर चाललं आहे. परवाना नानांच्या नावावर, दुकान नानांच्या नावावर. खटला त्यांच्यावर होईल. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, त्याला तू पिंजऱ्यात उभं करणार का?

ताईने एवढंच म्हटलं, “त्या बागवाल्याला मी काय सांगितलं होतं, माहीत आहे ना तुला?”

“तो आपला कोण लागतो?”

“कोणीच नाही. म्हणून तर सांगता आलं,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बागवाल्याकडे गेली. तो आता मुलीकडे राहत होता, गावाच्या टोकाला, एका खोलीत. दारात उभी असलेली ताई पाहून त्याने आधी चष्मा काढून पुसला. मग खुर्ची सरकवली. ताई बसली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आणि विचारलं, की कचेरीत नेमकं काय होतं, वकील कोण बरा, म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभं करतात.

ताईला वाटलं, आता हा वचपा काढणार, आणि तसा त्याला हक्क आहे. पण तो कामाचंच बोलला. सकाळी लवकर जा, तेव्हा बसायला बाक मिळतो. पाण्याची बाटली न्या, तिथला नळ बंद असतो. नानांचा डॉक्टरचा दाखला वर ठेवा, शोधायला लावू नका. वकील कुणीही करा, सगळे सारखेच. आणि मग ती निघताना म्हणाला, “मला तुमचा राग होता ताई. बंदूक गेली म्हणून नाही. तुम्ही सांगितलंत आणि सुटलात. एकदा तरी बरोबर याल असं वाटलं होतं.”

ताई मान खाली घालून ऐकत राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि त्याने वाटही पाहिली नाही.

ठरल्या दिवशी ती नानांना घेऊन कचेरीत गेली. त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता आणि केस नीट विंचरले होते. धाकटा रुसून परत गेला होता. तपासणीचे साहेब तिला चांगले ओळखत होते. इतकी वर्षं अर्जांच्या चळती घेऊन तिनेच त्यांच्या टेबलापुढे उभं राहायचं. त्यांनी नानांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि रायफल टेबलावर घेऊन स्वतः मोजली. एकदा मोजून ते थांबले. ताईकडे पाहिलं. तिने खरं काय ते सांगायचं ठरवूनच घर सोडलं होतं. घरी मनाशी वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

पण साहेब भला माणूस. त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “ही अशीच आली असेल ना तुमच्याकडे? आधीच्या मालकाकडून? तो हयात नसेल आता.”

दार असं उघडून धरलेलं. ताईने नानांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते, आणि हात कापत असल्यामुळे तो सदऱ्यावर सांडत होता.

“हो,” ताई म्हणाली. “अशीच आली.”

उभ्या जन्मात तिने त्या टेबलापुढे खोटं सांगितलं नव्हतं. साहेबांनी ते लिहून घेतलं, ओळ पूर्ण केली, आणि सहीसाठी कागद तिच्याकडे वळवला. ताईने सही केली. एवढ्यात नानांनी बशी खाली ठेवली. टेबलावरच्या रायफलीकडे त्यांचं लक्ष गेलं होतं आणि ते खुर्चीतून पुढे वाकले होते.

“ही माझी,” ते म्हणाले. “मी कापली.”

साहेब कागदांत डोकं घालून राहिले. ऐकलंच नाही असं दाखवण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण नानांना कुणीतरी ऐकायला हवं होतं. कित्येक महिन्यांत ते इतकं स्पष्ट बोलले नव्हते. ते मोठ्याने म्हणाले, “तोंड बघा साहेब. हात फिरवून बघा, कुठे खरखर लागते का. मशीन नाही वापरलं. सगळं कानशीने केलं आहे. असं काम तुम्हाला कुणी करून दाखवणार नाही.”

शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून वळून बघायला लागले. बाकावर बसलेली माणसंही. नाना सगळ्यांकडे बघून हसले. इतक्या वर्षांत त्या कामाचं कौतुक करायची सोय त्यांनाही नव्हती. बंदुकीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाचं सगळ्यांत सुरेख काम बहुधा तेच होतं, आणि ते त्यांना लपवून ठेवावं लागलं होतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. थोड्या वेळाने पुन्हा काढलं. “ताई, आता मला लिहावं लागेल,” ते म्हणाले.

“लिहा,” ताई म्हणाली.

आधी लिहिलेली ओळ खोडावी लागली. खोडल्याच्या शेजारी ताईने छोटी सही करायची होती. खोटं बोलल्याबद्दल साहेबांना तिच्यावरही गुन्ह्याचा कागद करता आला असता, तो त्यांनी केला नाही. पण त्या सहीतलं अक्षर तिचं तिला ओळखू येईना.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. रायफल तिथेच ठेवून घेतली, पावती मिळाली. खटला उभा राहिला. परवानाधारक दुरुस्तीवाल्यानेच हत्यारात बदल केला म्हणून दुकानाचा परवाना आधी थांबवला आणि मग रद्द झाला. गल्लीतल्या लोकांनी हळहळ केली. काहींना बरंही वाटलं असणार. ज्यांना तिने कधी काळी परत पाठवलं होतं त्यांतला एकजण झेरॉक्सवाल्यापाशी उभा राहून, तिला ऐकू जाईल असं बोलला, की आता मोजा म्हणावं. ताईने शटर ओढलं आणि कुलूप लावलं. शेगडा आणि कानशी एका गॅरेजवाल्याने नेल्या.

पहिल्या तारखेला बागवाला कोर्टाच्या पायऱ्यांशी आधीच येऊन उभा होता. नानांना दोन्ही बाजूंनी धरून वर न्यायला माणूस हवा हे त्याने ओळखलं होतं. काही न बोलता त्याने नानांची डावी बाजू धरली. दुसऱ्या तारखेला धाकटाही आला. त्याचा राग गेला नव्हता, पण नानांना उचलून घ्यायला तोच लागला. न्यायाधीश बाईंनी नानांना नाव विचारलं. नानांनी वकिलाला विचारलं, या बाई कोण. डॉक्टरांचा दाखला वाचला गेला आणि पुढची तारीख पडली. मग पुढची.

घरी ताईचा सारा दिवस आता नानांजवळ जाऊ लागला. एके दुपारी ती त्यांची नखं कापत होती. नाना शांत होते. अचानक त्यांनी विचारलं, “पोरगी गेली का हो स्पर्धेला?”

ताईची कात्री थांबली. मग तिने सांगितलं, “गेली.”

“नळी मोजली का?”

हे विचारताना त्यांचा चेहरा भीतीने आकसला. ती भीती आजची नव्हती. चाळीस वर्षं ती त्यांच्यात अशीच बसून होती, दुकानात, जेवणाच्या ताटावर, क्लबाच्या मास्तरांना चहा देताना, आणि तिने ती कधी पाहिली नव्हती, कारण ती स्वतःच्या रागाकडे बघत होती.

“नाही मोजली,” ताई म्हणाली. “कुणीच मोजली नाही. तशीच खेळली ती.”

“बरं झालं,” नाना म्हणाले. त्यांनी श्वास सोडला आणि दुसरा हात आपणहून पुढे केला. ताईने त्याचीही नखं कापली. या वेळी सांगितलेल्या खोट्याचं तिला काही वाटलं नाही.

थंडी सरत असताना नाना गेले. झोपेतच गेले. धाकटा दोन आठवडे राहिला. निघताना तो म्हणाला, की मी बोललो ते विसरून जा. ताई म्हणाली, तू बरोबरच बोलला होतास. दोघांनाही यापुढे काय म्हणायचं ते कळेना, म्हणून तिने त्याला डबा भरून दिला.

खटल्याची तारीख मात्र लागलेलीच होती. ताई मृत्यूचा दाखला घेऊन गेली. पुकारा झाला तेव्हा ती उठली आणि “ते गेले” एवढं म्हणून दाखला पुढे केला. न्यायाधीश बाईंनी तो वाचला, दोन ओळी सांगितल्या, शिरस्तेदाराने लिहून घेतल्या. खटला बंद. रायफलीबद्दल विचारलं तेव्हा कारकुनाने सांगितलं, की जप्त झालेली हत्यारं एकत्र तोडायला पाठवतात, तीही जाईल. वारसांना हजर राहायचं असेल तर अर्ज करता येतो. ताईने अर्ज केला नाही.

पायऱ्यांखाली बागवाला होता. त्याला कळवलं नव्हतं तरी आला होता. दोघं चालत निघाली. तो तिच्या चालीने चालत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दुकानाकडे बघायचं की नाही असा दोघांनाही प्रश्न पडला, आणि दोघांनीही बघितलं. शटरवर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली होती.

म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही खरंच चांगल्या खेळायचा का तेव्हा? मास्तरांनी उगीच नाव काढलं नसेल.

ताईने थोडा विचार केला. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला खरं उत्तर दिलं नव्हतं.

“बेताची खेळायचे,” ती म्हणाली. “जिंकले नसते. नंबरसुद्धा आला नसता.”

ती आणखी चार पावलं चालली.

“पण गेले असते,” ती म्हणाली.